डॉप्लर नॉर्मल होतं, तरी गुठळी होतीच

गरोदर बाईच्या शिरेत झालेल्या रक्ताच्या गुठळीची ही केस लिहायला मला बरेच महिने लागले, कारण यातला पहिला रिपोर्ट माझाच आहे. पेशंटची आणि तिच्या मिस्टरांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, बाकी जे झालं ते तसंच लिहितेय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात छोटं सेंटर आहे, दिवसभरात जेवढे सोनो होतात त्यातले निम्मे तरी गरोदर बायकांचे असतात.

पेशंट २९ वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. फोर्टला ऑफिस, म्हणजे रोज फास्ट लोकलनं सीएसएमटी आणि परत, सहाव्या महिन्यापर्यंत हे चालू होतं. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन सगळं व्यवस्थित, आधीचं कुठलं ऑपरेशन नाही, गोळ्या फक्त आयर्न आणि कॅल्शियमच्या. वजन ७८ किलो. तिच्या मिस्टरांचं गाव कणकवलीजवळ, आणि गणपतीला गावी जायचं नाही हा विचारच त्या घरात होऊ शकत नाही, त्यात नवी सून आणि दिवस गेलेले, त्यामुळे सगळे वाट बघत होते. कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवरून हललंच नाही, मग प्रायव्हेट बस. गायनॅक मॅडमनी परवानगी देताना सांगितलं होतं की दर दोन तासांनी उतरून चालायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. आता गणपतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा हायवेवर बस दोन तासांनी कोण थांबवणार? १६ तास लागले तिला. आणि पाणी तर तिनं प्यायलंच नाही, कारण प्यायलं की जायला लागणार आणि जायचं कुठे. हे तिनं मला नंतर सांगितलं, मी विचारल्यावर. आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रवासात असंच करतात आणि कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. गौरी-गणपतीचं विसर्जन करून परत आले तेव्हा पुन्हा १४ तास.

परत आल्यावर चार दिवसांनी डाव्या कुल्ल्यात आणि कमरेच्या खालच्या भागात दुखायला लागलं. पायात काही नाही, सूज नाही, फक्त आत कुठंतरी खोल ठणकतंय असं. घरचे म्हणाले प्रवासानं कंबर धरली असेल, ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या सातव्यात सगळ्यांची धरते. गायनॅक मॅडमनी तपासलं, बाळाचे ठोके चांगले, पोट नरम, लघवीचा रिपोर्ट साफ, त्यांनी सायटिकासारखं वाटतंय म्हणून पॅरासिटामॉल आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. यात मी त्यांना अजिबात दोष देत नाही, सातव्या महिन्यात कंबर दुखणाऱ्या दहा बायका रोज येतात आणि दहाही जणींची कंबर खरोखर वजनानंच दुखत असते. त्याच आठवड्यात बाळाचा ग्रोथ स्कॅन आणि कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारा सोनो) ठरलेलं होतं ते माझ्याकडेच झालं, बाळाची वाढ नीट, नाळेतला रक्तप्रवाह नीट. फाइलवर कुणीतरी पेननं लिहिलं, 'डॉप्लर नॉर्मल'. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आठवडाभरानं तिच्या लक्षात आलं की डाव्या पायाची चप्पल घट्ट होतेय आणि उजव्या पायाची नाही. सासूबाईंनी मिठाच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितले, सूज उतरली नाही. गायनॅक मॅडमनी टेप लावून मोजलं, डावी पोटरी उजवीपेक्षा अडीच सेंटीमीटर जाड. त्यांनी तिथेच चिठ्ठी दिली, डाव्या पायाचं व्हीनस डॉप्लर, म्हणजे पायातल्या शिरांचं, अर्जंट. मिस्टरांनी आमच्या सेंटरला फोन केला की डॉप्लरची अपॉइंटमेंट हवी, आणि आमच्या काउंटरवरच्या मुलीनं नाव बघून सांगितलं की तुमचं डॉप्लर मागच्याच आठवड्यात झालंय, नॉर्मल आहे, परत कशाला? ते म्हणाले बरं. एक पूर्ण दिवस तिथे गेला.

इथे जरा थांबते, कारण हा गोंधळ आमच्या एकट्या सेंटरमधला नाही. गरोदर बाई म्हटलं की 'डॉप्लर' म्हणजे बाळाचं डॉप्लर असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. मशीन तेच असतं, खोली तीच, रंग पण तेच लाल-निळे, पण एकात आपण नाळेतून बाळाला रक्त नीट पोचतंय का ते बघतो आणि दुसऱ्यात आईच्या पायातल्या खोल शिरांमध्ये रक्त गोठलंय का ते बघतो. एकाचा नॉर्मल रिपोर्ट दुसऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून विचारलं की डॉप्लरचं काय झालं, म्हणून ती शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर आली, नाहीतर अजून किती दिवस गेले असते माहीत नाही.

शनिवारी आठ वाजले होते, बाहेर अजून सहाजण बसलेले. गरोदर आहे म्हणून पायाच्या सोनोलाही आम्ही गर्भलिंग निदानबंदी कायद्याचा फॉर्म एफ भरून घेतो, तो भरला, आणि मी स्कॅनला बसले. पायातली गुठळी शोधायची पद्धत खरं तर साधी आहे. जांघेपासून सुरुवात करून दर दोन सेंटीमीटरवर प्रोबनं, म्हणजे सोनो करताना अंगावर फिरवतो त्या यंत्रानं, शीर दाबायची. शिरेची भिंत मऊ असते, आत फक्त रक्त असेल तर दाबल्यावर ती पूर्ण चपटी होते, दोन्ही भिंती एकमेकींना टेकतात, शेजारची धमनी मात्र गोलच राहते. आत गुठळी असेल तर शीर चपटी होत नाही. तर मी जांघ, मांडी, गुडघ्यामागची शीर, पोटरी, सगळीकडे दाबून बघितलं आणि सगळीकडे शीर मस्त चपटी होत होती. मग जांघेतल्या शिरेवर डॉप्लरचा आलेख घेतला, एक इमेज सेव्ह केली, पोटरी दाबल्यावर प्रवाह वाढतो का बघितलं, वाढला. रिपोर्ट टाइप केला, 'डाव्या पायात डीप व्हेन थ्रॉम्बोसिसचा पुरावा नाही', म्हणजे खोल शिरेत गुठळी नाही. सूज गर्भाशयाच्या दाबामुळे असावी असंही लिहिलं. दहा-बारा मिनिटांत ती बाहेर.

त्या सेव्ह केलेल्या इमेजमध्ये आलेख सपाट होता. आपण श्वास घेतो-सोडतो तसा जांघेतल्या शिरेतला प्रवाह कमी-जास्त होतो, लाटेसारखा दिसतो, कारण छाती-पोटातला दाब बदलतो आणि तो बदल खाली शिरेपर्यंत पोचतो. मध्ये वाट मोकळी असली तरच तो पोचणार. वर ओटीपोटात कुठे शीर तुंबली असेल तर खाली लाट येत नाही, नळ बारीक सोडल्यासारखा एकसारखा सपाट प्रवाह दिसतो. मला तो सपाट दिसला होता, दिसला नाही असं मी म्हणणार नाही. पण सातव्या महिन्यात बाई उताणी झोपलेली असताना गर्भाशय मोठ्या शिरांवर बसतं आणि दोन्ही बाजूंचा आलेख थोडाफार सपाट होतोच, मी ते गृहीत धरलं आणि पुढे गेले. दोन गोष्टी करायला हव्या होत्या, दोन्हींना मिळून चार मिनिटं लागली असती. एक, उजव्या जांघेचा आलेख घेऊन शेजारी ठेवायचा, गर्भाशयाचा दाब असेल तर दोन्हीकडे साधारण सारखं दिसेल, एकाच बाजूला सपाट असेल तर गडबड आहे. दुसरी, तिला डाव्या कुशीवर वळवून परत बघायचं. चिठ्ठीवर 'डावा पाय' होतं म्हणून उजव्याला प्रोब लावलाच नाही. आणि कुल्ल्यात दुखतंय ही गोष्ट चिठ्ठीवर नव्हती, ती तिला विचारायला हवी होती, मी विचारली नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी सगळ्यांना हायसं वाटलं. रविवारी एका ओळखीच्यांच्या सांगण्यावरून त्यांनी लॅबमधून डी-डायमर, म्हणजे शरीरात कुठे गुठळी असेल तर वाढणारी रक्ताची टेस्ट, करून घेतलं, ते वाढलेलं आलं आणि घरचे परत घाबरले. मॅडमनी सांगितलं की गरोदरपणात ते वाढतंच, आणि तेही खरंच आहे, महिने भरत जातात तसं नॉर्मल बायकांमध्येही डी-डायमर चढत जातं, त्यामुळे इतर पेशंटमध्ये त्या टेस्टचा जो उपयोग होतो तो इथे फारसा होत नाही. पण मॅडमच्या मनात शंका होतीच, त्यांनी बजावून ठेवलं की सूज गुडघ्याच्या वर गेली तर रात्री-अपरात्री फोन करायचा.

मंगळवारी पहाटे फोन गेला. डावा पाय जांघेपर्यंत भरलेला, मांडी कडक, रंग निळसर-जांभळट, गुडघा वाकवता येत नव्हता. सकाळी साडेसातला ती माझ्याकडे व्हीलचेअरवर आली. टेप लावला तर मांडीत सहा सेंटीमीटरचा फरक. यावेळी मी आधी तिच्याशी बोलले, म्हटलं ताई, पहिल्यापासून सांग, अगदी पहिलं काय दुखलं. तेव्हा तो कुल्ल्यातला ठणका, ती बस, ते न प्यायलेलं पाणी, सगळं बाहेर आलं.

तिला डाव्या कुशीवर घेतलं, पाठीला उशी लावली म्हणजे गर्भाशय पुढे झुकेल. पायासाठी वापरतो तो सपाट प्रोब बाजूला ठेवला आणि पोटासाठीचा वाकडा प्रोब घेतला, कारण ओटीपोटातल्या शिरा खोल असतात, तिथे पायाच्या प्रोबच्या ध्वनिलहरी पोचत नाहीत. कलरची स्पीड सेटिंग खाली आणली, नाहीतर हळू चाललेलं रक्त रंगात येतच नाही आणि उगाच बंद वाटतं. जांघेच्या वर चढत गेले, ओटीपोटातली बाहेरची इलियाक शीर, मग तिच्या वरची कॉमन इलियाक. फुगलेली, आत राखाडी भरलेलं, रंग अजिबात नाही. शेजारची धमनी लाल-लाल उडतेय आणि शीर मेल्यासारखी. जांघेतल्या शिरेच्या वरच्या टोकाला आता गुठळीची शेपटी उतरलेली दिसत होती, तिथे आता शीर दबत नव्हती, मांडीतली आणि गुडघ्यामागची मात्र अजूनही दबत होती. म्हणजे गुठळी वर ओटीपोटात सुरू झाली होती आणि खाली येत होती, शनिवारी ती जांघेच्या वरच होती, मी जिथपर्यंत बघितलं त्याच्या चार-पाच बोटं पलीकडे. उजव्या बाजूचा आलेख घेतला, छान लाटा.

आता हे डाव्या बाजूलाच का, यामागे शरीराची रचना आहे. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी कॉमन इलियाक शीर मधल्या मोठ्या शिरेला मिळण्याआधी उजव्या बाजूच्या कॉमन इलियाक धमनीच्या खालून जाते. पुढे धमनी, मागे मणका, मध्ये शीर. मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये ४३० मृतदेह तपासून लिहिलं होतं की त्यातल्या २२ टक्क्यांमध्ये या जागी शिरेच्या आत पडद्यासारखे जाड पदर तयार झालेले होते, धमनीच्या रोजच्या ठोक्यांनी. म्हणजे अनेकांची ही वाट जन्मभर थोडी अरुंद असते आणि त्यांना कळतही नाही. त्यावर गरोदरपणाचं गर्भाशय बसलं की अजून दाब. शिवाय गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून शरीरानं केलेली तयारी आहे ती. फिर्खो या जर्मन डॉक्टरनं १९ व्या शतकात सांगितलेली गुठळीची तीन कारणं आजही मेडिकलला शिकवतात, प्रवाह मंदावणं, रक्त गोठण्याकडे झुकणं आणि शिरेच्या भिंतीला इजा, आणि गरोदर बाईत पहिली दोन तर आधीपासूनच हजर असतात. म्हणून गरोदरपणातल्या पायाच्या गुठळ्यांपैकी दहातल्या आठ-नऊ डाव्या बाजूला असतात आणि ओटीपोटातल्या शिरेत सुरू होणाऱ्या गुठळ्या इतर पेशंटपेक्षा यांच्यात जास्त दिसतात. तिथली गुठळी कुल्ल्यात, कमरेत, ओटीपोटात दुखते, पाय नंतर सुजतो. तिचं अगदी तसंच झालं होतं. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये गरोदर बायकांसाठी तीन साधे प्रश्न मांडले होते, सूज डाव्या पायाला आहे का, दोन पोटऱ्यांत दोन सेंटीमीटर किंवा जास्त फरक आहे का, पहिली तिमाही आहे का. हिची तीनातली दोन उत्तरं हो होती, चिठ्ठीवर आकडा लिहिलेला होता आणि मी तो वाचलाही होता.

मी मॅडमना फोन केला आणि आधी माझी चूक सांगितली, मग फाइंडिंग. त्या म्हणाल्या ते नंतर बोलू, आधी इंजेक्शन. अर्ध्या तासात त्यांच्या नर्सिंग होममध्ये रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा पहिला डोस गेला, आणि तिथनं अ‍ॅम्ब्युलन्सनं मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात, कारण गुठळी फुफ्फुसात सरकली तर आयसीयू, हृदयाचे डॉक्टर, बाळांचे डॉक्टर सगळं एका छताखाली हवं. रविवारी सकाळी जी गोष्ट चालत जाऊन झाली असती ती मंगळवारी स्ट्रेचरवर झाली.

तिथे एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा एमआरआय झाला, काँट्रास्ट न देता, कारण त्यासाठी शिरेतून देतात ते गॅडोलिनियम गरोदरपणात शक्यतो टाळतात. सोनोवर गर्भाशयामागे आणि आतड्यातल्या हवेमागे जे दिसत नव्हतं ते त्यात दिसलं, गुठळीचं वरचं टोक नेमकं जिथे धमनी शिरेला ओलांडते तिथेच थांबलं होतं, मधल्या मोठ्या शिरेत शिरलेलं नव्हतं. नाडी ११० च्या आसपास, थोडा दम, ऑक्सिजन ९७. मिस्टर विचारत होते की छातीचं सीटी का करत नाही, आणि सासूबाई म्हणत होत्या की एक्स-रेचं काही करू नका, बाळाला बाधेल. दोघांनाही समजावावं लागलं. सासूबाईंना हे, की छातीच्या सीटीत बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदीच थोडं असतं, आणि आईच्या जिवाचा प्रश्न असेल तर कुठलाही डॉक्टर त्यासाठी थांबणार नाही, थांबूही नये. मिस्टरांना हे, की पायातली गुठळी पक्की सापडलीय, त्यासाठी जे औषध जेवढ्या डोसमध्ये द्यायचं तेच फुफ्फुसातल्या गुठळीसाठीही देतात, तेव्हा ती स्थिर असताना सीटीनं उपचार बदलणार नाही. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोत, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण नव्हता. सीटी केलं नाही. मला हा निर्णय आवडला.

उपचार म्हणजे एनॉक्सापॅरिन, हेपरिनचाच एक प्रकार, किलोला एक मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, म्हणजे हिला ८० सकाळी आणि ८० रात्री, पोटाच्या बाजूला कातडीची चिमटी धरून. 'पोटात सुई' या शब्दांनी घरात केवढं वादळ झालं, सासूबाई रडायलाच लागल्या की बाळाला टोचेल. वॉर्डातल्या सिस्टरनी स्वतःच्या पोटाची चिमटी धरून दाखवली की सुई एवढीच, चरबीतच राहते, बाळ किती आत आहे बघा. हे औषध वारेतून पलीकडे बाळाकडे जात नाही, म्हणूनच गरोदरपणात हेच वापरतात, रक्त गोठू न देणाऱ्या वॉर्फरिनच्या गोळ्या वार ओलांडतात म्हणून त्या बाळंतपणापर्यंत बाजूला. दहाव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा इंजेक्शन द्यायला सासूबाईच शिकल्या होत्या, आणि पुढचे दोन-अडीच महिने एकही डोस त्यांनी चुकवला नाही. खर्चही लहान नव्हता, रोजच्या दोन सिरिंज, मिस्टरांनी भिशी मोडली.

आई गावाहून आली तेव्हा अजून एक गोष्ट कळली. आईची धाकटी बहीण, म्हणजे पेशंटची मावशी, तिच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचा डावा पाय असाच सुजला होता आणि तो आयुष्यभर जाडच राहिला. गावात सगळे हत्तीपाय म्हणायचे. घरात कुणाला कधी रक्ताची गुठळी झालीय का, या प्रश्नाला पेशंटनं प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं आणि तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. आता मी तो प्रश्न असा विचारते, की घरात कुणाचा एकच पाय सुजून राहिलाय का, बाळंतपणात कुणाला अचानक दम लागून काही झालंय का. उत्तरं वेगळी येतात.

३२ आणि ३६ आठवड्यांना बाळाचे स्कॅन मीच केले, वाढ चांगली, नाळेचा प्रवाह चांगला. त्या रिपोर्टच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बाळाचे डॉप्लर', आणि आता सगळ्याच रिपोर्टांवर तसं लिहितो, काउंटरलाही दोन वेगळी नावं दिलीयत, बाळाचं आणि पायाचं. ३८ आठवड्यांना कळा आणायचं ठरवलं, म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर २४ तास मोजून सोडता येतात आणि पाठीत भूल द्यायची वेळ आली तर देता येते. भूल लागली नाही, नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, २ किलो ७०० ग्रॅम. रक्तस्राव नीट थांबलाय बघून इंजेक्शन परत सुरू, मग वॉर्फरिन, आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतंय तो आकडा, दोन ते तीनमध्ये. अंगावर पाजणाऱ्या आईला वॉर्फरिन चालतं, हे सांगूनही शेजारच्या बाईनं तिला पाजू नको म्हणून सांगितलं होतं, मॅडमनी फोनवर खडसावून परत सुरू करायला लावलं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे, म्हणून औषध किमान तेवढं आणि एकूण किमान तीन महिने चालायलाच लागतं, हिचं त्याहून जास्त चाललं. प्रोटीन एस, म्हणजे रक्त जास्त गोठू न देणारं रक्तातलं प्रथिन, वगैरे तपासण्या तेव्हा मुद्दाम केल्या नाहीत, गरोदरपणात ते आपोआप खाली येतं आणि वॉर्फरिनवरही खाली येतं, तेव्हा तो आकडा बघून नुसती भीती वाढते.

बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी मी परत डॉप्लर केलं. इलियाक शिरेत बारीक वाट तयार झालीय, रंग दिसतो, पण धार अरुंद आहे, आणि ओटीपोटावर आजूबाजूच्या छोट्या शिरा फुगून रक्त वळसा घालून उजवीकडे नेतायत. मांडी अजून दोन सेंटीमीटरनं जाड. संध्याकाळी पाय जड होतो, लोकलमध्ये दादरपर्यंत उभं राहिलं की पाय घट्ट धरणारा मोजा असूनही दुखतो. औषध तीन दिवस आधी सुरू झालं असतं तर हे एवढं राहिलं नसतं का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही, पण गुठळी मांडीकडे उतरायच्या आधी सापडली असती एवढं नक्की. मी तिला हे तोंडावर सांगितलंय. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, डॉक्टर, तुम्ही तेव्हा नुसतं 'वरचं बघितलेलं नाही' असं लिहिलं असतं ना, तरी मॅडमनी पुढं पाठवलं असतं.

तिचं म्हणणं बरोबर आहे. आता माझ्या पायाच्या प्रत्येक डॉप्लर रिपोर्टमध्ये एक ओळ असते, ओटीपोटातल्या शिरा दिसल्या की नाही दिसल्या, दिसल्या तर कुठपर्यंत. गरोदर बाई असेल तर दोन्ही जांघांचे आलेख शेजारी-शेजारी, डावी कूस, आणि सपाट आलेख एकाच बाजूला असेल तर त्याच दिवशी फोन. नॉर्मल आलं तरी शंका पक्की असेल तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी परत बघायचं असतं, तेही रिपोर्टात लिहिते, कारण पेशंट चिठ्ठी वाचतात. वेळ लागतो. शनिवारी बाहेर बसलेले लोक कुरकुरतात, मी सांगते थांबावं लागेल.

मे महिन्यात पेशंटची आई मावशींना मुंबईला घेऊन आली. वय ५१, डावा पाय गुडघ्याखाली काळवंडलेला, घोट्याच्या आतल्या बाजूला दोनदा भरून परत फुटलेली जखम. मी दोन्ही जांघांचे आलेख घेतले, उजवीकडे लाटा, डावीकडे सपाट. वर गेले तर इलियाक शीर दोरीसारखी आक्रसलेली, आजूबाजूला जाड वळणावळणाच्या शिरा, सगळं जुनं, २२ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचं. मी त्यांना सांगितलं की मावशी, हा हत्तीपाय नाही, ही तेव्हाची गुठळी आहे. त्या पाय खाली सोडून बसल्या, साडी नीट केली आणि म्हणाल्या, "माका तर सगळ्यांनी हत्तीपायच सांगल्यानी." मग भाचीकडे बघून विचारलं की हिच्या मुलीला सांगून ठेवायचं का मोठी झाल्यावर. मी म्हटलं हो, आणि बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर आजी-मावशीच्या जागी तसं लिहून दिलं.